खांबेट्यांचा धूर

सोळा वर्षं मस्कतच्या रस्त्यांवर गाडी चालवूनही राजीव खांबेटे यांनी टायरमधून एकदाही धूर काढला नव्हता. हॉर्नसुद्धा त्यांनी आजवर चारदाच वाजवला होता. दोनदा रस्त्यात बसलेल्या बकऱ्यांसाठी आणि एकदा चुकून कोपर लागून. चौथ्या वेळेबद्दल ते बोलत नसत. अशा माणसाच्या नावाने 'जास्तीत जास्त धूर काढणे' या स्पर्धेचा अर्ज भरला जावा, याला योगायोग म्हणावं की कुणाचा तरी जुना सूड, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना.

अर्ज त्यांच्या मुलीने भरला होता. तेजश्री बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि जुलैत कॉलेजसाठी पुण्याला जायची होती. घरात तिला मराठी ऐकू यायची आणि तिच्या तोंडून इंग्रजी बाहेर पडायची. मधल्या मधे काय होतं ते खांबेट्यांना कधी समजलं नाही. गेल्या तीन वर्षांत तिने बापाकडे वायफायच्या पासवर्डशिवाय काही मागितलं नव्हतं. आणि आता एकदम स्पर्धेत बाप-लेकीची ही जोडी.

"पण मीच का?" खांबेट्यांनी विचारलं.

"यू ड्राइव्ह एव्हरी डे, बाबा," तेजश्री म्हणाली आणि खोलीत गेली.

तर्क बिनतोड होता. पोळ्या रोज खाणाऱ्याला शेती यायलाच हवी, तसा.

या सगळ्याच्या मुळाशी मस्कतमधल्या अल खौद मराठी स्नेहवर्धक मंडळाचे सचिव चिन्मय सबनीस होते. हॉल मिळाला नाही म्हणून मंडळाचा गुढीपाडवा यंदा मेच्या दुसऱ्या शुक्रवारी यायचा होता, आणि गेल्या वर्षी अंताक्षरीला अकरा माणसं आली होती, त्यातले दोघे हॉलचे कर्मचारी. तरुण पिढीला खेचण्यासाठी सबनीसांनी मोटारींच्या गेमची स्पर्धा काढली. या गेममध्ये गाडी सरळ चालवणाऱ्याला कुणी विचारत नाही. ती वळणावर आडवी घसरवायची, मागच्या टायरमधून धूर काढायचा, म्हणजे शाबासकी. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. गेमचे गुण प्रेक्षकांना कळणार नाहीत, धूर मात्र शेवटच्या खुर्चीवरूनही दिसतो, असा मुद्दा महिला समितीने मांडला. म्हणून गुण धुराचे ठरले. तीन परीक्षक, प्रत्येकी दहा गुण. आणि पालक नुसते नावाला उभे राहू नयेत म्हणून सबनीसांनी नियम घातला की बाप-लेकांपैकी ज्याचे गुण कमी, तेच त्या जोडीचे गुण.

हा नियम खांबेट्यांनी तीनदा वाचला. ते एका पाण्याच्या प्रकल्पावर डॉक्युमेंट कंट्रोलर होते. कोणत्या आराखड्याची कितवी आवृत्ती कुणाच्या सहीने कुठे गेली याची नोंद ठेवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे नियमाचा अर्थ त्यांना इतरांच्या आधी लागला. तेजश्रीने कितीही धूर काढला तरी जोडीला गुण मिळणार ते त्यांच्या धुराचे. पोरगी दोन महिन्यांनी घर सोडून जाणार, आणि जाण्याआधी तिने मागितलेल्या एकुलत्या एका गोष्टीत बाप तिला बुडवणार. त्या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

पहिला सराव घरीच झाला. पडद्यावर एक पिवळी गाडी उभी होती. खांबेट्यांनी आधी आरसा नीट करायचं बटण विचारलं, मग सीटबेल्टचं. दोन्ही नाहीत म्हटल्यावर त्यांनी या गाडीला रस्त्यावर यायची परवानगी कुणी दिली असं विचारलं. गाडी निघाली, ताशी तीस किलोमीटरने पहिल्या राउंडअबाउटपाशी आली आणि थांबली.

"व्हाय आर यू स्टॉपिंग?"

"डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं."

"देअर इज नोबडी, बाबा! इट्स अ गेम!"

"आपल्याला वाटतं कुणी नाही. तेवढ्यात येतो," खांबेटे म्हणाले आणि मिनिटभर थांबले. कुणीच आलं नाही. याचा त्यांना थोडा राग आला.

चार दिवसांच्या सरावानंतर एका वळणावर उदबत्तीएवढा धूर निघाला. खांबेट्यांनी घाबरून गाडी कडेला घेतली.

यात त्यांचा तरी काय दोष? त्यांना लायसन्स मिळालं होतं सातव्या खेपेला. ओमानात गाडी शिकलेला कुठलाही भारतीय तुम्हाला आपल्या खेपा सांगेल, जसा गावाकडचा माणूस ऑपरेशनं सांगतो. आधी पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची, मग चढावर थांबवून पुन्हा काढायची, मग पोलीस शेजारी बसवून रस्त्यावर. सहा वेळा पोलिसांनी मान हलवली होती. सातव्या वेळी हलवली नाही, तेव्हा खांबेटे गाडीतच रडले होते. त्यानंतर जे जे करून पास झालो ते ते त्यांनी आयुष्यभर तसंच्या तसं केलं. धूर म्हणजे काहीतरी बिघडलंय, हे त्यांच्या हाडांत बसलं होतं. त्याच धुराला आता दहापैकी गुण कसे, हा घोळ डोक्यातून जाईना.

"मी जाते हिच्याबरोबर," सुचित्रा म्हणाली. त्यांची बायको पहिल्याच खेपेला पास झाली होती आणि हे ती क्वचितच, म्हणजे आठवड्यातून दोनदाच, बोलून दाखवायची. तिने सबनीसांना फोनही केला. पालक बदलायचा तर अर्ज, दोन्ही पालकांच्या रेसिडेंट कार्डांच्या प्रती आणि मूळ पालकाची एनओसी लागेल, असं सबनीस म्हणाले. आखातात लग्नाला एनओसी लागत नाही, एवढंच बाकी आहे.

एनओसीचा कागद तीन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून राहिला. खांबेट्यांनी त्यावर सही केली नाही. तेजश्रीने अर्जावर त्यांचं नाव लिहिलं होतं, आईचं नाही.

शेवटी त्यांनी जाणकाराला विचारायचं ठरवलं. मस्कतच्या हमरिया भागात जमालचं टायरचं दुकान होतं. जमाल रत्नागिरीचा, बावीस वर्षं मस्कतचे टायर बदलून त्याचं आता माणसांपेक्षा टायरांशी जास्त पटायचं. खांबेटे दर दोन वर्षांनी त्याच्याकडे टायर बदलत, झिजलेले नसले तरी.

"जमालभाई, टायरमधून जास्त धूर काढायचा तर काय करावं लागतं?"

जमालच्या हातातला पाना थांबला. "सायब, जरा परत सांगा. लोकं धूर येतो म्हनून माज्याकडं येतात. तुमी येत नाय म्हनून आलाव?"

आता इथे खरं तर गेमचं नाव काढायला हवं होतं. पण दोन गिऱ्हाइकं बाकावर बसून ऐकत होती, आणि एकावन्नाव्या वर्षी टायरच्या दुकानात उभं राहून 'मी गेम खेळतो' म्हणायला जीभ रेटेना. "गाडी मुलीची आहे," खांबेटे म्हणाले. ते तसं खरंच होतं.

"पोरीची गाडी, आनि धूर तुमी काडनार?" जमालने बाकावरच्यांकडे पाहिलं. "कंची गाडी हाय?"

"पिवळी."

"पिवळी ती रंगान झाली. मागची चाकं फिरतात का फुडची?"

"चारही फिरताना दिसतात."

जमालने पाना खाली ठेवला आणि मोठ्या भावाच्या मायेने खांबेट्यांना आत नेलं. मागे घासलेले टायर टाका, हवा भरपूर भरा, हे सगळं त्याने सांगितलं. खांबेट्यांनी ते वहीत क्रमाने लिहून घेतलं. निघताना जमाल हळूच म्हणाला, "सायब, काय टेन्शन असलां तर बोला. पन रस्त्यावर धूर काडू नका. पोलिसान धरलान तर गाडी गेली, तुमी पन गेलाव. आनि माजा नाव घेव नका."

घरी येऊन खांबेट्यांनी तेजश्रीला गेममधल्या टायरांचं वय विचारलं. तेवढ्यात सुचित्राचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. बाकावरच्या दोघांपैकी एक जण मंडळाचा सभासद निघाला. संध्याकाळपर्यंत अल खौदमधल्या यच्चयावत मराठी घरांत पोचलं होतं की खांबेट्यांनी मुलीच्या नावावर पिवळी स्पोर्ट्स कार घेतली असून ते तिच्यात बसून धूर काढतात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी 'या वयात पुरुषांचं असं होतं' म्हणून एका काढ्याची कृती पाठवली. सुचित्राने ती खांबेट्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

आता उरले उस्ताद यासिर. सोळा वर्षांपूर्वी खांबेट्यांना गाडी शिकवणारे हे ओमानी गृहस्थ आता निवृत्त होऊन रोज दुपारी एका टपरीवर कडक चहा पीत बसत. 'पहले देखो, फिर सोचो, फिर भी मत जाओ' हे त्यांचंच वाक्य. ज्याने हे सगळं आपल्यात भरलं तोच ते काढू शकेल, असा खांबेट्यांचा हिशोब होता.

"उस्ताद, जो सिखाया वो थोडा वापस लेना है," खांबेटे म्हणाले आणि इथे मात्र त्यांनी गेमचं सगळं खरं सांगितलं.

यासिरने कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं. "रफीक, तीस साल में चार सौ आदमी सिखाया. सब से ज्यादा मेहनत किस पर किया? तुम पर. और तुम बोलता है वापस लो?"

"सिर्फ धुएँ के लिए, उस्ताद."

"धुआँ नहीं सिखाते. धुआँ आता है जब आदमी डरता नहीं. तुम डरता है?"

"हाँ."

"शाबाश. मैंने सिखाया है," यासिर अभिमानाने म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, "यल्ला, दिखाओ कितना बाकी है," म्हणत ते उठले. टपरीमागच्या मोकळ्या जागेत चार रिकामी पिंपं होती. यासिरने ती मांडली आणि खांबेट्यांना त्यांचीच गाडी मागे घ्यायला लावली. सोळा वर्षं अपघाताशिवाय गाडी चालवलेल्या खांबेट्यांनी आरसा पाहिला, मान वळवली, श्वास धरला आणि तिसऱ्या पिंपाला धडक दिली.

"फेल," यासिर म्हणाले. "खलास. कल फिर आओ."

मागच्या बंपरला पोचा आला होता. धूर काढायला शिकायला गेलेला माणूस होतं तेही गमावून परत आला. आपल्याला नक्की काय येतं, हा प्रश्न घेऊन खांबेटे शुक्रवारी हॉलवर पोचले.

हॉल भरला होता. धूर बघायला नाही, खांबेटे बघायला. पिवळ्या गाडीची बातमी ऐकून पार दीडशे किलोमीटरवरच्या निझवाहून दोन कुटुंबं आली होती. व्यासपीठावर गुढी, तिच्या शेजारी मोठा पडदा आणि पुढे खुर्चीला बसवलेलं स्टीअरिंग, खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची पेडल्स. परीक्षकांत एक दंतवैद्य होते, एक संगीताच्या बाई, आणि एक जण ऐनवेळी आले नाहीत म्हणून बसवलेले केटरर. स्वतः सबनीस मुलासह स्पर्धेत होते, आणि सचिवाने भाग घेऊ नये असं नियमात कुठेही नव्हतं, कारण नियम त्यांनीच लिहिले होते. त्यांच्या जोडीचे गुण झाले चोवीस, तोवरचे सगळ्यांत जास्त.

तेजश्रीने गाडी वळणावळणावर अशी आडवी फिरवली, की पुढच्या रांगेतल्या आजी खुर्चीत एका बाजूला कलल्या. मागे पांढऱ्या धुराची शेपटी. सत्तावीस गुण. टाळ्या पडल्या. खाली उतरताना तिने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, जस्ट पंचवीस." एवढंच. पंचवीस म्हणजे ट्रॉफी.

ते खुर्चीत बसले. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. कुणीतरी हसलं. पडद्यावर डोंगरातला चढाचा रस्ता होता. शिट्टी वाजली, प्रत्येकाला मिळणारी दोन मिनिटं सुरू झाली, आणि पिवळी गाडी हळूच मागे सरकायला लागली.

चढावर गाडी मागे सरकणं म्हणजे काय, हे सहा वेळा नापास झालेल्यालाच विचारावं. खांबेट्यांच्या डोळ्यांपुढे हॉल राहिला नाही, मंडळ राहिलं नाही. शेजारी पोलीस बसला आहे आणि आत्ता मान हलवणार आहे, एवढंच राहिलं. त्यांचा डावा पाय सगळ्या ताकदीनिशी ब्रेकवर पडला आणि उजवा तेवढ्याच ताकदीनिशी ॲक्सिलरेटरवर. इंजिन किंचाळलं. गाडी जागची हलेना, मागची चाकं मात्र भिंगरीसारखी फिरू लागली, आणि धूर निघाला.

साधासुधा नाही. आधी चाकं गेली, मग गाडी गेली, मग रस्ता, डोंगर, आभाळ, वरचे आकडे, सगळं पांढरं झालं. मागच्या लोकांना प्रोजेक्टर बिघडला असं वाटलं. एका गृहस्थांनी फ्यूज पाहायला धाव घेतली. दंतवैद्य उभे राहिले. खांबेट्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि काही दिसत नसताना गाडी हलवायची नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून दोन्ही पाय तसेच दाबून, घामाने निथळत, ते पूर्ण दोन मिनिटं जागेवर थांबून राहिले.

तिन्ही परीक्षकांनी दहा-दहा गुण दिले. तीसपैकी तीस. जोडीचे सत्तावीस.

टाळ्या थांबायच्या आत सबनीस माइकपाशी पोचले होते. "गाडी एक इंचसुद्धा हललेली नाही," ते म्हणाले. "याला ड्रिफ्टिंग म्हणत नाहीत."

"नियमात गाडी हलली पाहिजे असं आहे का?" संगीताच्या बाईंनी विचारलं.

सबनीसांनी कागद काढले. खांबेट्यांनी बसल्या जागेवरून सवयीने विचारलं, "कितवी आवृत्ती?" तिसरी होती. हलण्याबद्दल तिच्यात अक्षर नव्हतं. पण नववा नियम होता: धूर स्पर्धकाने जाणीवपूर्वक काढलेला असावा. तो वाचून सबनीसांचा आवाज एकदम गोड झाला. "तसा जाणीवपूर्वक असेलच म्हणा. कारण खांबेटे गेले दहा दिवस हमरियाला टायरवाल्याकडे जाऊन काय काय युक्त्या शिकत होते, ते सगळ्यांना माहीत आहे. पण बाकीच्या पालकांना अशी छुपी शिकवणी मिळाली नाही. मराठीत याला काय म्हणतात ते मी सांगत नाही. इंग्रजीत चीटिंग म्हणतात."

खांबेट्यांचे कान तापले. एकवीस वर्षं मस्कतमध्ये काढून त्यांच्यावर असा शब्द कुणी टाकला नव्हता. काहीतरी बोलावं म्हणून ते उठले, पण काय झालं होतं तेच त्यांना नीट माहीत नव्हतं, तर ते नाकारायचं कसं? ते पुन्हा बसले.

तेव्हा तेजश्री उठली. लाल चेहऱ्याने ती माइकपाशी गेली, इंग्रजीत सुरुवात केली, थांबली. समोर सगळ्या आजी बसल्या होत्या. मग तिने मराठीत बोलायला सुरुवात केली.

"माझा बाबा चीटिंग नाही करत," ती म्हणाली. "त्याला येतच नाही चीटिंग करायला. चीटिंग करायला आधी माहीत पाहिजे ना, काय चालू आहे. त्याला काहीच माहीत नसते! तो गेममध्ये पण राउंडअबाउटला थांबतो. कोणी नसते, तरी थांबतो. दहा दिवस मी त्याला शिकवते, त्याचा नीट एक पण धूर नाही आला. आत्ता पण तो घाबरला, म्हणून दोन्ही पाय दाबले. मी बघितलं. तो खोटं नाही खेळत. त्याला खेळताच येत नाही!"

टाळ्या पडल्या. आजींनी डोळे पुसले. हा आपला गौरव झाला की पंचनामा, हे खांबेट्यांना कळेना, पण छातीत काहीतरी भरून आलं होतं.

सबनीस मात्र शांतपणे कागदाकडे पाहत होते. "म्हणजे धूर चुकून निघाला," ते म्हणाले. "म्हणजे जाणीवपूर्वक नाही. म्हणजे नियम नऊप्रमाणे शून्य गुण. आणि कमी ते जोडीचे."

तेजश्रीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण काय करून बसलो ते तिला आत्ता कळलं. दंतवैद्यांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "असं पोरीच्या बोलण्यावर नको. राजीवराव, तुम्हीच सांगा. धूर तुम्ही मुद्दाम काढलात ना?"

शंभर माणसं खांबेट्यांकडे पाहत होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. छुप्या शिकवणीविरुद्ध नियम नव्हता, तो आरोप चार दिवसांत विरला असता, आणि ट्रॉफी तेजश्रीच्या बॅगेतून पुण्याला गेली असती. तीसुद्धा डोळ्यांनी तेच सांगत होती. मान अगदी बारीक हलवून, हो म्हण, हो म्हण. खांबेट्यांनी तोंड उघडलं.

"ती म्हणते तेच बरोबर आहे," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो."

ट्रॉफी सबनीसांकडे गेली. खांबेट्यांची जोडी शेवटून पहिली आली. जेवणाच्या रांगेत तेजश्री वडिलांच्या पुढे उभी होती, पाठमोरी. श्रीखंडापाशी पोचेपर्यंत तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मग एकदम वळली.

"तू हो का नाही म्हणालास? आपण जिंकलो असतो. मी तुला सांगत होते ना!"

खांबेटे ताटाकडे पाहत राहिले.

"तू माझ्यासाठी एवढं सगळं मराठीत बोललीस," ते म्हणाले. "ते सगळ्यांसमोर खोटं कसं पाडू?"

तेजश्रीने त्यांच्या ताटात दोन वाट्या श्रीखंड ठेवलं आणि स्वतःचं घ्यायला ती विसरली.